सोललेला मोर

भगवंत सुताराला दोन गोष्टींची पक्की खात्री असे. सागवान कुठल्या अंगानं फाटेल ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याची बायको दुर्गाबाई कुठल्या बोलण्यानं बिथरेल तेही. बाकी जगातलं जे काही होतं ते तो चार जणांना विचारून करी.

अमरावतीच्या कोटाच्या आत, अंबा दरवाजापाशी त्याचं दुकान. बापानं पाळणे आणि चौकटी केल्या, यानंही तेच केलं असतं. पण समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस यायचा बंद झाला, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली. ज्याच्या घरी ज्वारी पुरती उरत नव्हती त्याच्या दमणीच्या बैलांना रेशमी झुली चढल्या. लोकांच्या हाती आलेला पैसा दागिन्यांत गेला, लग्नांत गेला, आणि जो उरला तो घड्याळांत गेला. वेळ कुणाला पाहायची नव्हती. सूर्य होताच की. पण घरात ठोके पडले म्हणजे रस्त्यानं जाणारा थांबून ऐके, आणि घरधन्याला बरं वाटे.

मुंबईचे व्यापारी घड्याळाची नुसती यंत्रं आणत, आणि त्या यंत्रांना राहायला घर बांधून द्यायचं काम भगवंताकडे आलं. वर कळस, दोन्ही अंगांना खांब, खाली लंबकाची खिडकी. हळूहळू त्यात वेली आल्या, राघू आले, कपाशीची बोंडं आली. भगवंताचा हात बारीक कामात असा काही रमला की पाळण्याचं गिऱ्हाईक आलं तर तो त्याला दुसऱ्या सुताराकडे धाडू लागला.

अशात दर्यापुराकडचे, पूर्णेच्या काठच्या एका गावचे पंजाबराव पाटील दुकानात आले. त्यांना घड्याळ पाहिजे होतं, पण चार जणांसारखं नको होतं. वर दोन मोर समोरासमोर बसलेले पाहिजेत, आणि ते तांब्याचे पाहिजेत. भगवंतानं सांगून पाहिलं की तांबं हे तांबटाचं काम. लाकडावर पत्रा ठोकून बसवता येईल, पण मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा त्याखाली बुजून जाईल.

पाटील म्हणाले, "पिसारा बारीक पायजे अन् मोर तांब्याचा पायजे. कसं करतं ते तू पाय."

भगवंतानं काम घेतलं खरं, पण मोर कोरून झाले तरी पुढं काय करायचं ते त्याला सुचेना. ते मोर दुकानाच्या फळीवर ठेवलेले असतानाच वामनराव तिथं आले.

वामनराव अकोल्याच्या तारऑफिसात होते. मूळचे पुण्याकडचे, सडपातळ, बोलताना बोटं टेबलावर वाजवायची सवय. कुणा नातलगाला भेटायला अमरावतीस आले होते आणि मोर पाहून दुकानापुढं थबकले. मग त्यांनी उपरण्याच्या गाठीतून कडुनिंबाची एक डहाळी काढून भगवंताच्या हातावर ठेवली. डहाळी तांब्याची होती. पानांच्या कडांचे दाते, मधली शीर, एका पानाला किड्यानं पाडलेलं भोक, सगळं जसंच्या तसं. आणि वजन मात्र नाहीच म्हणावं इतकं.

भगवंतानं ती उलटसुलट करून पाहिली. कुठल्या तांबटानं केली म्हणून त्यानं विचारलं. वामनराव म्हणाले की कुणीच केली नाही, झाली. परसातल्या झाडाची डहाळी आहे, ती अजून आतच आहे. मोर घेऊन अकोल्याला ये, त्यांचंही तसंच होईल.

भगवंतानं दुर्गाबाईला हाक मारून डहाळी दाखवली. तिनं ती नाकाशी नेऊन वास घेतला आणि परत दिली. तारबाबू गेल्यावर ती एवढंच म्हणाली, की ज्या वस्तूचं वजन तिच्या दिसण्याएवढं नाही तिच्यापासून जपून राहा. पण पाटलाचं काम तर करायचं होतं. भगवंत मोर फडक्यात गुंडाळून अकोल्याला गेला.

वामनरावांच्या घराच्या मागल्या पडवीत चिनी मातीच्या बरण्या मांडलेल्या होत्या. बरण्यांत मोरचुदाचं पाणी, मोराच्याच गळ्यासारखं निळं. त्या पाण्यात एक कोरं मडकं बसवलेलं, मडक्यात मिठाचं पाणी आणि जस्ताची कांडी, आणि कांडीपासून निघालेली एक तार. वामनरावांनी सांगितलं तसं भगवंतानं आधी मोरांना कढत मेण पाजलं, म्हणजे लाकडात पाणी शिरायला नको. मग घड्याळाला टेकायची सपाट मागची बाजू सोडून बाकी अंगावर शिसपेनच्या शिशाची काळी पूड मऊ कुंच्यानं इतकी घासली की मोर लोखंडासारखे चकाकू लागले. मग तारेला बांधून एकेक मोर निळ्या पाण्यात सोडला.

भगवंताला वाटलं होतं, काहीतरी होईल. उकळेल, धूर निघेल, निदान आवाज येईल. काहीच झालं नाही. तो बरणीपाशी उकिडवा बसून राहिला. वामनराव ऑफिसात गेले, परत आले, जेवले, तरी हा तिथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मोर वर काढला तेव्हा तारेजवळच्या अंगाला एक गुलाबी डाग उठला होता. नव्या जखमेवर धरलेल्या कातडीसारखा. पुढल्या दिवशी डाग मानेपर्यंत पसरला. जसजसा मोर लाल होई तसतसं बरणीतलं पाणी फिकट पडे, आणि वामनराव मोरचुदाचे खडे आणखी टाकत.

"तांबं कुठून येऊन राहिलं?" भगवंतानं विचारलं.

"पाण्यातून."

"पाण्यात तं दिसत नाई."

"ते निळं दिसतं ना, तेच तांबं."

भगवंतानं पाण्याकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं. निळं ते लाल कसं होईल, हे विचारावंसं त्याला वाटलं, पण त्याहून मोठी शंका आधी बाहेर पडली. जिच्यामुळं तारेतून मुंबईला बातमी जाते तीच ही गोष्ट का, असं त्यानं विचारलं. वामनराव म्हणाले, तीच. मग मोराला बातमी कळते का, असं भगवंतानं विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

वामनराव हसले. पण हसू फार टिकलं नाही. बोटांनी गुडघ्यावर काहीतरी वाजवत ते म्हणाले, "हे बघ भगवंता, इंग्रजी पुस्तकात लिहिलंय की असं केलं म्हणजे तांबं येतं. मी केलं, आलं. का येतं तेही लिहिलंय. पण ते वाचून मला समजलं असं मी म्हणणार नाही."

हे ऐकून भगवंताला धीर यावा की भीती वाटावी, तेही त्याचं त्याला ठरवता आलं नाही.

दोन्ही मोर पुरे झाले तेव्हा त्यानं ते उन्हात नेऊन पाहिले. डाव्या मोराच्या मानेवर कोरताना त्याची पटाशी किंचित घसरली होती. ती रेघही तांब्यात उतरली होती. सागवानाच्या रेषासुद्धा उतरल्या होत्या. त्यानं त्या चुकीवरून नख फिरवलं. चूक त्याची होती, पण त्यानं तांब्याला कधी हातही लावला नव्हता. हे कुणी केलं म्हणून विचारलं तर आपण काय सांगायचं, हा प्रश्न त्याला अकोल्याहून परत येताना सगळ्या वाटेनं पडला. वाटेत एका पाणपोईवर त्यानं मोर उघडून एका म्हाताऱ्या वाटसरूला दाखवले. म्हातारा म्हणाला, "ओतीव दिसतात." भगवंतानं मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, तेही त्याला सांगता आलं नसतं.

घड्याळ पाटलांच्या ओसरीवर बसवलं त्या दिवशी गाव लोटला. पेढे वाटले गेले. भगवंतानं आपल्या परीनं सगळं स्पष्ट सांगितलं. "आत लाकूड हाय पाटील, अन् वर तांबं." पाटील म्हणाले, "हो हो, देवळाच्या दाराले असंच तं असते." भगवंताला वाटलं, यांना कळलं. पाटलांनाही वाटलं की आपल्याला कळलं. घड्याळाचा पहिला ठोका पडला तेव्हा पाटलांच्या म्हाताऱ्या आई, पार्बताबाई, आतून येऊन हात जोडून उभ्या राहिल्या, आणि त्यांचं पाहून इतरांनीही हात जोडले.

पावसाळा गेला. कापूस फुटायला लागला. वामनरावांची नागपूरच्या बाजूला बदली झाल्याचं कानावर आलं. बदली कशी झाली, कधी झाली, कुणाला नीट सांगता येईना. दिवाळीच्या तोंडाशी पाटलांचा गडी सूर्यभान दमणी घेऊन दुकानापुढं उभा राहिला.

"पाटलानं बोलावलं," तो म्हणाला. "मोर फाटला."

भगवंताच्या मनात पहिलं आलं ते सागवान. उन्हानं तडकलं असेल. त्यानं सरस घेतला, पाचरी घेतल्या, पटाश्या घेतल्या आणि दमणीत बसला. वाटेतलं भातकुली गाव मागं पडल्यावर सूर्यभान म्हणाला की फाटला म्हणजे तसा फाटला नाही, सोलला. आणखी थोड्या वेळानं म्हणाला, रंग गेला. रंग दिलाच नव्हता तर जाईल कसा, असं भगवंतानं विचारलं. सूर्यभान म्हणाला, "मले इचारू नका. मी तं सांगून राहिलो जे माणसं म्हणून राहिले ते." दोन्ही बाजूंना कपाशी पांढरी होऊन पसरली होती, आणि भगवंत मांडीवरच्या सरसाच्या भांड्याकडे बघत होता. ते बरोबर आणलं की चुकीचं, तेही आता त्याला कळत नव्हतं.

ओसरीवर माणसं बसलेली होती. पाटील बैठकीवर, गावातले चार जाणते भिंतीला टेकून, आणि एका बाजूला जाड मनगटांचा एक अनोळखी माणूस. तो दर्यापूरचा चंद्रभान तांबट. पाटलांनी त्याला पारख करायला मुद्दाम बोलावलं होतं.

भगवंतानं वर पाहिलं. उजवा मोर होता तसा होता, फक्त थोडा काळवंडला होता. डाव्याची मान मात्र उघडी पडली होती. छातीपासून चोचीपर्यंत तांबं झिजून गेलं होतं, आणि आतून मेण प्यालेलं पिवळट सागवान दिसत होतं. कडेला तांब्याचा काठ कागदासारखा पातळ उभा होता.

झालं होतं ते असं. पावसाळ्याच्या दमट हवेनं मोर काळे पडले. पार्बताबाईंना ते बघवेना. त्यांच्या घरात तांब्याची घागर कधीच काळवंडलेली राहिली नव्हती. त्यांनी स्टुलावर चढून चिंच आणि राख लावून डावा मोर घासला. तो लखलखला. दोन दिवसांत पुन्हा काळा पडला, त्यांनी पुन्हा घासला. असं करता करता दिवाळीच्या साफसफाईला त्यांनी जरा हात जोरात चालवला, आणि मोराच्या मानेतून लाकूड बाहेर आलं.

पाटील चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यामुळं जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, "मी तुले तांब्याचा मोर सांगितला होता. तू लाकडाचा देल्ला अन् वरून तांब्याचा रंग मारला. काहून असं केलं?"

"रंग नाई पाटील. तांबंच हाय."

"तांबं घासल्यानं जाते का? माझ्या आज्याच्या वक्ताची घागर हाय घरात. रोज घासतात. गेली का ती?"

भगवंत म्हणाला की घागरीचं तांबं जाड असतं, हे पातळ आहे. एका जाणत्यानं विचारलं, इतका पातळ पत्रा ठोकला कसा. भगवंत म्हणाला, ठोकला नाही. मग ओतलं का? ओतलंही नाही. मग आलं कुठून? भगवंतानं जे पाहिलं होतं ते सांगितलं. निळं पाणी, कोरं मडकं, तार. बोलता बोलता त्याला स्वतःचेच शब्द परके वाटू लागले. पाण्यातून तांबं आलं, हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा ओसरीवर कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तो तारबाबू कुठं आहे म्हणून पाटलांनी विचारलं. बदली झाली, असं भगवंतानं सांगितलं. त्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे पयाला."

आणि तेव्हा भगवंताच्या मनातच शंका उभी राहिली. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं हे खरं. पण अमरावतीच्या बाजारात एका गारुड्यानंही त्याच्या डोळ्यांदेखत कोयीतून आंब्याचं झाड काढून दाखवलं होतं. वामनराव तसेच असतील तर? आपण बरणीपाशी बसलो होतो, पण झोप लागली तेव्हा? ते खडे कसले होते? ती काळी पूड तर आपल्याच हातानं घासली होती. मग फसवणारा कोण, आणि फसला कोण? पाटलांना काय उत्तर द्यायचं यापेक्षा, आपण चोर आहोत की नाही हे कुणाला विचारायचं, हाच प्रश्न त्याला मोठा वाटू लागला.

मग चंद्रभान तांबटानं पाटलांची परवानगी घेऊन मोर खाली काढायला सांगितला. भगवंतानं मागचे खिळे सैल करून तो सोडवला आणि त्याच्या हाती दिला. तांबटानं नखानं काठ खरवडला, जिभेला लावून पाहिला, चिंचेचं बोट फिरवलं, मग उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहत राहिला.

"तांबं हाय," तो म्हणाला. "चोख हाय. माझ्या पत्र्यापरीस चोख."

"मंग हा खरं बोलून राहिला?" पाटलांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू? याच्यावर हातोड्याचा ठसा नाई. सांधा नाई. ओतायच्या साच्याची रेघ नाई. मले तं हे कोणी केलंच नाई असं दिसते." आणि स्वतःच्याच बोलण्यानं तो गोंधळला.

मग एक शेवटची पारख म्हणून त्यानं शेगडी मागवली. खरं तांबं विस्तवावर धरलं की त्यावर रंग फिरतात, ते त्याला बघायचे होते. त्यानं चिमट्यात मोर धरून निखाऱ्यांवर नेला. तांब्यावर जांभळे, केशरी पट्टे फिरू लागले, आणि तांबटानं समाधानानं मान डोलावली. पण भगवंताला मेणाचा वास आला. तो पुढं होऊन थांबा म्हणेपर्यंत काठाखालून मेण पाझरलं, निखाऱ्यांवर चर्र झालं, आणि चिमट्यातला मोर सुटला. म्हणजे अर्धा सुटला. लाकडाचा मोर खाली जमिनीवर पडला, आणि तांब्याचा मोर चिमट्यातच राहिला.

चंद्रभाननं चिमट्यातलं ते कवच हळूच खाली ठेवलं. आतून पोकळ, मानेशी फाटलेलं, पण पिसाऱ्याचा डोळा न् डोळा शाबूत. शेजारी सागवानाचा मोर, मेणानं ओला, त्याचाही डोळा न् डोळा शाबूत. डावा मोर एक होता, आणि आता त्याचे दोन झाले होते.

पाटील दोन्हींकडे आळीपाळीनं पाहू लागले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "यातला आपला कोणता?"

लाकडाचा मोर भगवंतानं कोरला होता, त्याबद्दल शंका नव्हती. पण तांब्याच्या मोराच्या उरल्या मानेवर पटाशी घसरल्याची रेघ होती, आणि ती पटाशी त्याचीच होती. त्यानं दोन्हींवर हात ठेवून पाहिला. एक गरम होता, एक कोमट. आपल्यावरचा फसवणुकीचा आरोपही आता त्याला आठवेना, इतका तो त्या दोन मोरांत हरवून गेला.

तेवढ्यात पार्बताबाई आतल्या दारातून पुढं आल्या. आपल्या हातून लेकाची मोलाची वस्तू बिघडली म्हणून सकाळपासून त्या बाहेर फिरकल्या नव्हत्या. त्या पदर सावरत खाली बसल्या आणि आधी लाकडाचा मोर उचलला. त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला. मग तांब्याचा उचलला, हलका आहे असं पाहून पटकन खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"बाबू," त्या भगवंताला म्हणाल्या, "मी इतके दिवस घासून राहिली होती ते कोणाले घासून राहिली होती?"

"माय, मले नाई सांगता येत."

पार्बताबाईंनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटल्यासारखं दिसलं. त्या काही वेळ दोन्ही मोर मांडीवर घेऊन बसल्या. मग त्यांनी लेकाला सांगितलं की लाकडाचा मोर होता तिथं परत बसवून टाक, तिथं त्याला कुणी घासणार नाही. आणि हे कवच मला दे. देवघरातल्या कोनाड्यात ठेवीन आणि मनाला येईल तेव्हा घासीन. झिजलं तर झिजलं.

पाटलांना हे सगळं पुरतं पसंत नव्हतं. एका अंगाला तांब्याचा आणि दुसऱ्या अंगाला लाकडाचा, हे घड्याळ जगाला दाखवायचं कसं? पण आईच्या मांडीवरून तांबं हिसकावून घेणं त्यांना जमलं नाही, आणि चंद्रभाननं चोख म्हटल्यावर भगवंताला फसव्या म्हणणंही जमेना. शेवटी ते उठून गेले आणि जाताना म्हणाले की बसव काय बसवायचं ते. भगवंतानं लाकडाच्या मोराचं मेण पुसलं, त्याला जागेवर बसवलं आणि मागून खिळे आवळले. तांब्याच्या मोरासमोर लाकडाचा मोर. तो खाली उतरून मागं सरला. बरं दिसत होतं की वाईट, ते त्याला समजेना. चंद्रभान त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तोही पाहू लागला. त्यालाही समजलं नसावं.

घरी येऊन भगवंतानं दुर्गाबाईला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं. तारबाबू खोटा होता का? भगवंत म्हणाला की तांबं तर खरं निघालं. मग खरा होता का? भगवंत म्हणाला, तेही आता कळायला मार्ग नाही. काही दिवसांनी त्यानं स्वतः करून पाहिलं. लोणच्याची बरणी घेतली, बाजारातून मोरचूद आणलं, एक लहानसा राघू कोरून मेण पाजलं, काळी पूड घासली, जस्त आणि तार जोडली. राघूवर काळाकुट्ट गाळ धरला, तो बोटानं पुसला की निघून जाई. काहीतरी चुकलं होतं. काय चुकलं ते सांगायला वामनराव नव्हते, आणि नागपुराकडे चौकशी केली तर कुणी म्हणे ते तिथं आहेत, कुणी म्हणे तिथून पुढं गेले. दुर्गाबाईनं ती बरणी लोणच्याला पुन्हा कधी वापरली नाही.

मग संक्रांतीच्या सुमारास एक गोष्ट घडली ती भगवंताच्या स्वप्नातही नव्हती. कापसातली सरकी काढायचा जिन चालवणारे, धामणगावचे एक जिनवाले दुकानात आले. ते पाटलांकडे पाहुणे म्हणून गेले होते. त्यांना घड्याळ पाहिजे होतं, आणि ते तसंच पाहिजे होतं.

"तसंच म्हंजे कसं?" भगवंतानं सावधपणे विचारलं.

"एक मोर तांब्याचा, एक लाकडाचा. पाटलाकडे हाय ना, तसं. असं घड्याळ मी कोठंच नाई पायलं. पाटील म्हणे, मुद्दाम करून घेतलं."

भगवंत त्यांच्याकडे बघत राहिला. ते सगळं चुकून झालं, हे त्यांना सांगावं की न सांगावं, याचा विचार करण्यातच त्याचा इतका वेळ गेला की जिनवाले काम नक्की करून निघूनही गेले. त्यांच्या मागोमाग आणखी एक आला. मग अकोल्याहून एकानं सांगावा धाडला.

पाण्यातून तांबं काढणं तर भगवंताला येत नव्हतं. शेवटी तो दर्यापूरला जाऊन चंद्रभान तांबटापुढं बसला. चंद्रभाननं लाकडाचा मोर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला की पत्रा ठोकून बसवीन, पण पिसाऱ्यातले डोळे इतके बारीक येणार नाहीत. भगवंत म्हणाला की मग डोळे मोठे कोरतो. चंद्रभान म्हणाला, मी पत्रा पातळ घेतो. दोघांनी मिळून पहिला मोर केला. तो जाड झाला, मान आखूड झाली, पिसारा गोधडीसारखा दिसू लागला, पण तो तांब्याचा होता आणि कुणी कितीही घासला तरी घासणाऱ्याच्या नातवापर्यंत टिकला असता. दुसरा जरा बरा झाला. तिसऱ्यापासून दोघांचे हात जुळले, आणि पुढं कापसाचा भाव पडला तेव्हाही त्यांचं काम पुरतं थांबलं नाही.

एकदा काम करता करता चंद्रभाननं हातोडा बाजूला ठेवला. तयार झालेला तांब्याचा मोर आणि त्याच्या जोडीचा लाकडाचा मोर समोर मांडलेले होते. तो म्हणाला, "भाऊ, खरं सांग. तुले यातला कोणता आवडते?"

भगवंतानं दोन्हींकडे पाहिलं. पाटलांच्या ओसरीवर दोन मोर एकातून निघाले होते तेव्हा त्याला जसं झालं होतं, तसंच काहीसं पुन्हा झालं.

"कधी हा," तो म्हणाला, "कधी तो." आणि मग आणखी थोडा विचार करून म्हणाला, "तो तारबाबू भेटला असता तं त्याले इचारलं असतं."

चंद्रभाननं हातोडा उचलला आणि पुढच्या पत्र्याला हात घातला.